उभा ट्रॅक्टरही खातो

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. या वेळी ना प्रवासवर्णन, ना पुस्तक, ना लेकीच्या शाळेतल्या गमती. विषय आहे ट्रॅक्टर. हसू नका, गेले काही महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा मुलूख. अण्णा गेल्यानंतर सातबाऱ्यावर तीन नावं लागली: आई, दादा आणि मी. एकूण नऊ एकर. शेती दादा बघतो, मी पुण्यात एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात आकडे बघते. दादाला ट्रॅक्टर घ्यायचा होता, बँकेला जमीन तारण हवी होती, आणि जमीन सामाईक असल्यामुळे माझी सही हवी होती. एवढाच काय तो माझा संबंध. पण सही करायची म्हणजे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात लाखोंचा बोजा चढणार, आणि हप्ते थकले तर आईच्या डोक्यावरचं छप्पर सोडून बाकी सगळं पणाला. म्हणून म्हटलं, आधी हिशेब करू, मग सही. (घरचे लोकही हे वाचतात, त्यामुळे भांडणांचा भाग गाळला आहे. थोडासा.)

दादाची गरज खोटी नव्हती, हे आधीच सांगते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. आमच्याकडे सोयाबीनचं जे झालं ते झालंच, पण त्यानंतर हरभऱ्याच्या पेरणीसाठी सगळं गाव वापशाची वाट बघत बसलं. शहरातल्यांसाठी: वापसा म्हणजे जमिनीतली ओल अशी की माती पायाला चिकटत नाही आणि ढेकूळही दगडासारखं होत नाही. काळ्या रानात त्याच्या आधी यंत्र घातलं तर चाकं रुततात आणि माती दबून घट्ट होते. उशीर केला तर वरचा थर वाळतो, बियाणं नीट उगवत नाही. मधे मिळतात दोन-चार दिवस, आणि ते सगळ्या गावाला एकदमच मिळतात. भाड्याचे ट्रॅक्टर मोजके. दादाचा नंबर लागेपर्यंत वापसा निघून गेला.

"दारात स्वतःचा असता तर?" दादा फोनवर म्हणाला. "आणि बैलावानी थोडाच आहे तो? काम नसलं की उभा राहील. उभा असला की काय खातो का?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. बैलाला काम असो नसो, वैरण लागतेच. ट्रॅक्टरला डिझेल लागतं ते चालला तरच. पटण्यासारखं आहे, आणि माझ्या धंद्यात नेमक्या याच समजुतीने कंपन्या बुडतात.

यंत्राचा खर्च काढायची भारतीय मानकही आहे बरं का, आयएस ९१६४, १९७९ सालची. पद्धत सोपी आहे. खर्चाचे दोन भाग पाडायचे. एक यंत्र नुसतं उभं असलं तरी होणारा: घसारा, व्याज, विमा, शेड. दुसरा चालेल तसा होणारा: डिझेल, ऑइल, दुरुस्ती, ड्रायव्हर. पहिल्या खर्चाला वर्षाच्या तासांनी भागायचं आणि त्यात दुसरा मिळवायचा. झाला ताशी खर्च. सगळी मेख त्या 'भागायचं' मध्ये आहे.

शोरूमवाल्याने दादाला पन्नास अश्वशक्तीच्या जरा आतला ट्रॅक्टर सुचवला होता. (पन्नासच्या आतच का, तर २०२३ च्या जानेवारीपासून पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले आणि त्यांच्या किमती चढल्या.) २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून दर उतरला होता, तरी साडेसात लाख. माझा कागद असा:

दहा वर्षांनी दहा टक्के किंमत उरेल असं धरलं, तर घसारा वर्षाला ६७,५००. व्याज सरासरी गुंतवणुकीवर, म्हणजे ४,१२,५०० वर, अकरा टक्क्यांनी ४५,३७५. विमा आणि शेड मिळून १५,०००. बेरीज १,२७,८७५. ट्रॅक्टर एक इंचही न हलता.

आता तास. नांगरणी, खरीप आणि रब्बीसाठी रोटाव्हेटर, दोन पेरण्या, थोडी फवारणी असं धरून एकराला वर्षाचे सात तास होतात. दादानेच हे आकडे सांगितले, मी फक्त लिहून घेतले. नऊ एकरांचे ६३. ट्रॉलीच्या फेऱ्या धरून ओढूनताणून शंभर. पाठ्यपुस्तकात ट्रॅक्टरचं वर्ष हजार तासांचं धरतात!

शंभर तासांनी भागलं की उभं राहण्याचाच खर्च ताशी साधारण १,२८०. वर डिझेल ३६०, ऑइल-दुरुस्ती-अवजारांची झीज ९०, ड्रायव्हरचे १०० (दादा स्वतः चालवणार, पण त्याचा वेळ फुकट नाही). एकूण ताशी १,८३०. आणि गावात भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो ताशी अकराशेला.

मी दादाला म्हटलं, "उभा ट्रॅक्टरही खातो. कडबा नाही खात, व्याज खातो."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तास वाढवू की. भाड्याने चालवू."

इथून खरी गंमत सुरू होते, कारण हे वाढीव तास येतात कुठून हे बघायला लागलं की हिशेबाची वही आणि कायद्याचं पुस्तक एकाच टेबलावर येतात. दुसऱ्याच्या शेतात नांगरणी-पेरणी करून देणं यात अडचण नाही. शेतीयंत्र भाड्याने देण्यावर जीएसटीही नाही. पण ती कामंही वापशाच्या त्याच दिवसांत, जेव्हा आपलं रान अडलेलं असतं. वर्षाचे उरलेले महिने मिळतं ते ट्रॉलीचं काम. विटा, मुरूम, वाळू.

वाळूचं सगळ्यांना माहीत आहे. परवान्याशिवाय गौण खनिज नेलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि वाहन जप्त होतं. तहसीलच्या आवारात गंजत उभे असलेले ट्रॅक्टर कुणी पाहिले नाहीत? ते चालवणारे सगळे काही वाळूमाफिया नसतात. त्यातल्या कित्येकांचा सहामाही हप्ता तोंडावर आलेला असतो.

विटा आणि मातीचं मात्र मलाही नवीन होतं. सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा एक निकाल आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वीटभट्टीसाठी माती नेत होते, ट्रॉलीवरचा मजूर पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, पण शेतीकामासाठी, आणि ट्रॉलीचा विमा नव्हताच. न्यायालयाने म्हटलं, विमा कंपनी जबाबदार नाही. मजूर गरीब म्हणून आपला खास अधिकार वापरून एवढंच केलं की कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. मालकाकडून! दोन-तीनशे रुपयांच्या फेरीसाठी.

ट्रॉली हे कायद्याच्या नजरेत वेगळं वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, तिचा विमा वेगळा. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेल्या किती ट्रॉल्यांना स्वतःचा नंबर असतो ते रस्त्यावर बघा एकदा. आणि ट्रॅक्टरवर आसन एकच असतं, चालकाचं. मडगार्डवर बसणारी भाचरं विम्याच्या हिशेबात कुठेच नसतात. (हे वाक्य खास दोन भाच्यांसाठी. वाचताय ना?)

"मग मळणी यंत्र घेऊ, सुगीत तास भरतील," ही दादाची पुढची सूचना. त्यासाठी तर १९८३ चा स्वतंत्र कायदाच आहे, धोकादायक यंत्रांचा. मळणी यंत्रात हात गेलेल्या माणसांमुळे तो करावा लागला. यंत्र सुरक्षिततेच्या निकषांप्रमाणे हवं, आणि चालवणाऱ्याला इजा झाली तर भरपाईची तरतूद त्यात आहे. मळणीचे तास कमवायचे तर ही जबाबदारीही कमवायची.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे कायदा मोडला जातो तो बहुतेक वेळा दांडगाईने मोडला जात नाही. शेताला शंभर तासांची गरज, आणि घेतलेला ट्रॅक्टर अडीचशे तास मागणारा. मधले दीडशे तास भरायला हप्ता माणसाला बाहेर काढतो आणि जे मिळेल ते काम करायला लावतो. शोरूममधून यंत्र निवडतानाच पुढची दहा वर्षं आपण कायद्यात राहणार की नाही, हे निम्मं ठरलेलं असतं.

मग प्रश्न नावाचा. शोरूमवाल्याचा सल्ला: "ट्रॅक्टर आईंच्या नावावर घ्या, महिला म्हणून अनुदान जास्त." केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के दर आहे हे खरं, आणि दोन्हीला रकमेची कमाल मर्यादा आहे. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी, मग तपासणी, मग खात्यात पैसे. म्हणजे आधी पैसे आपणच उभे करायचे. म्हणून मी अनुदान हिशेबात धरलंच नाही. आलं तर आलं.

पण नावाचं तेवढंच नसतं. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, आणि अपघात झाला तर नोटीस त्याच्या नावाने येते. आई अडुसष्ट वर्षांची. तिच्याकडे लायसन्स नाही. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं. ट्रॅक्टर आईचा आणि चालवणार दादा, तर मालक-चालक म्हणून संरक्षण दोघांपैकी कुणालाच नाही. अनुदानासाठी स्वस्त पडलेलं नाव संकटात फार महाग पडलं असतं. शिवाय आठ-अ उताऱ्यावर दादाचा वाटा तीन एकरांचा, म्हणजे पाच एकरांच्या आत. तो स्वतःच अल्पभूधारकात बसतो, तोच ५० टक्के दर! आईला मधे आणायची गरजच नव्हती. दादाचं कारचं लायसन्स आहे, ते रिकामं वजन साडेसात हजार किलोच्या आत असलेल्या ट्रॅक्टरला चालतं. हलक्या वाहनांच्या लायसन्सवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकालही आहे.

"पण रानातच तर चालवणार, नोंदणी कशाला घाई?" असंही एक मत घरात होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ वाचून दाखवलं: सार्वजनिक जागी 'किंवा इतर कोणत्याही जागी' नोंदणीशिवाय वाहन चालवायचं नाही. त्यात रान आलं.

आणि एक, शोरूमच्या टेबलावर मिळणारं कर्ज. 'फक्त आठ टक्के' असं म्हणत होते. फ्लॅट आठ, म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज. पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर खरा दर साडेतेरा-चौदाच्या घरात जातो. बँकेचे अकरा त्यापेक्षा बरे. या एका गोष्टीवर मात्र घरात कुणी वाद घातला नाही.

तरीही माझ्या कागदात एक भोक होतं आणि ते दादानेच दाखवलं. "तुझ्या हिशेबात भाड्याचा ट्रॅक्टर अकराशेला मिळतो. पण वापशाच्या दिवशी तो मिळतच नाही, त्याचा दर काय लावलास?" बरोबर होतं त्याचं. न मिळालेल्या दोन दिवसांची किंमत मी शून्य धरली होती, आणि त्या दोन दिवसांत एका हंगामाचा हरभरा गेला होता. म्हणजे भाड्यावर राहणंही फुकटचं नव्हतं.

मग आम्ही उलटं मोजायला बसलो. आधी ट्रॅक्टर ठरवून तास शोधण्याऐवजी, इमानदारीने मिळणारे तास किती ते बघून ट्रॅक्टर ठरवायचा. आमच्या नऊ एकरांना लागून तात्यांचे, म्हणजे धाकट्या काकांचे, आठ एकर. पलीकडे चुलतभावाचे सात. एकूण चोवीस एकर, म्हणजे १६८ तास. ट्रॉली घ्यायचीच नाही. माल बाजारात न्यायला वर्षातून चार वेळा टेम्पो करू. चाळीसच्या आसपासच्या अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहा लाखांत बसत होता, आणि पाच फुटी रोटाव्हेटरला तो पुरतो. कंपनीच्या पत्रकात छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते, अवजाराला मिळते ती पीटीओची, जरा कमी. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल असतात, त्यात पीटीओचा आकडा असतो. तो मागून बघा.

नवा कागद: घसारा ५४,०००, व्याज ३६,३००, विमा-शेड १३,०००. एकूण १,०३,३००. चालवण्याचा खर्च ताशी पाचशे. भाडं अकराशे, म्हणजे ताशी सहाशे सुटतात. १,०३,३०० भागिले सहाशे, १७२ तास. आमच्याकडे १६८. चार तासांची तूट दादाच्या नावावर टाकली.

आकडे जमले. माणसं जमायची होती. बांधावरून तात्यांचं आणि आमचं अण्णा असल्यापासून बोलणं नव्हतं. (इथे भाग गाळला आहे.) तात्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर पूर्वीच कर्ज फेडायला विकला होता, रोटाव्हेटर मात्र शेडमध्ये तसाच होता. संक्रांतीला आई स्वतः तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेली आणि मागून दादा माझा कागद घेऊन. तात्यांनी कागद सगळा वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"वापशाला आधी कुणाचं रान?"

सगळा खटाटोप ज्यासाठी, तो हाच प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचा रकानाच नव्हता. उत्तर दादाने दिलं. तात्यांचं रान वरच्या अंगाला, हलकं, मुरमाड. तिथे पाणी आधी निथळतं, वापसा आधी येतो. आमचं खाली, काळं, दोन-तीन दिवस मागे. चुलतभावाचं मधलं. रान ज्या क्रमाने तयार होतं त्याच क्रमाने ट्रॅक्टर फिरेल, तात्यांपासून. तात्या मान हलवून म्हणाले, "जमिनीला तरी भांडण नाही म्हणायचं."

मी सही केली. ट्रॅक्टर दादाच्या नावावर, विमा आणि मालक-चालकाचं संरक्षण त्याच्याच नावावर, रोटाव्हेटर तात्यांचा, पेरणी यंत्र चुलतभावाचं. ताशी अकराशे सगळ्यांना सारखे, दादालाही. साध्या करारावर तिघांच्या सह्या आहेत. कर्ज फिटलं की आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा आणि सातबाऱ्यावरचाही, हे मी शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, कारण हप्ते संपले की हे कागद सगळेच विसरतात.

पैशात आम्हाला फायदा शून्य, हे मुद्दाम सांगते. 'ट्रॅक्टर घेतला, आता भरभराट' असं काही नाही. बाजारभावाइतकाच खर्च करून आम्ही वर्षातले दोन-चार दिवस विकत घेतले आहेत, एवढंच. त्या दिवसांचं मोल पाऊस ठरवेल.

ट्रॅक्टरला तास मोजणारा मीटर असतो. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर त्यावरचा आकडा वहीत लिहायचा असं ठरलं आहे. वही कुणाकडे ठेवायची यावर जरा चर्चा झाली. शेवटी आईनेच निकाल दिला: ज्याला सगळ्यात जास्त संशय आहे त्याच्याकडे. वही तात्यांकडे आहे.

तुमच्याकडे भावाभावांत यंत्र सामाईक असेल तर हिशेब कसा ठेवता, जरूर कळवा. विशेषतः दुरुस्तीचा मोठा खर्च निघाला की कोण किती देतं? आमच्या करारात तो मुद्दा अजून पेन्सिलने लिहिलेला आहे.